तापानंतरचे पाणी

श्रावणात आमच्या शेतातील विहीर काठोकाठ भरली, की गावातील मुलांचे पाय घरात ठरत नाहीत. भालकी तालुक्यातील आमच्या काळ्या रानात मनसोक्त पोहता येते ते पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही महिने. उन्हाळ्यात पाणी तळाला जाते आणि उरतात त्या तापलेल्या पायऱ्या. मी सहा वर्षांची असताना आबांनी माझ्या पाठीला रिकामा डबा बांधून मला याच विहिरीत सोडले होते, आणि एके दिवशी मला न सांगताच तो डबा काढून घेतला होता. पाण्याशी माझे सख्य जडले ते तेव्हापासून.

गेल्या वर्षी मी नववीत होते. विभागीय शालेय जलतरण स्पर्धा कलबुर्गीस व्हायच्या होत्या, आणि शंभर व चारशे मीटर अशा दोन शर्यतींसाठी माझी निवड झाली होती. रविवारी शहरातील तरणतलाव आणि इतर दिवशी आमची विहीर, असा माझा सराव चाले. क्रीडाशिक्षकांनी दोरी लावून विहीर मोजली, तेव्हा ती या काठापासून त्या काठापर्यंत जेमतेम ३५ फूट भरली. म्हणजे चारशे मीटरसाठी तिला सुमारे ३८ वेळा आरपार करावे लागे. चारशे मीटर ही माझी आवडती शर्यत. तिच्यात मला नंबर मिळणारच, अशी माझी जवळजवळ खात्री होती.

स्पर्धेला सहा आठवडे उरले असता मला ताप आला. प्रथम सर्वांना तो पावसातील साधा ताप वाटला. परंतु तो उतरेना. रक्ततपासणीनंतर डॉक्टरांनी टायफॉइडचे निदान केले. आबा त्याला 'मुदतीचा ताप' म्हणतात. औषधांनी आठवड्याभरात ताप उतरला खरा, पण चौदा दिवसांचा औषधक्रम पुरा करावयाचा होता.

आणि येथेच माझ्या हातून चूक झाली. ताप उतरल्यावर तिसऱ्या दिवशी आई शेजारी गेलेली पाहून मी गुपचूप विहिरीकडे गेले. स्पर्धा जवळ येत होती, आणि वाया गेलेला प्रत्येक दिवस माझ्या डोळ्यांपुढे नाचत होता. मी पाण्यात उतरले. चौथ्यांदा आरपार होताना डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि हाताला पायरी लागली म्हणूनच मी वाचले. आबांनी मला वर काढले. ते रागावतील असे मला वाटले होते, पण ते एक शब्दही बोलले नाहीत. त्यांचे हात मात्र थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जे सांगितले, त्याने मी अधिकच खजील झाले. टायफॉइडचे जंतू दूषित अन्नपाण्यातून पसरतात, आणि ताप उतरला तरी रोग्याच्या पोटातून ते काही आठवडे बाहेर पडत राहू शकतात. तपासणी स्वच्छ येईपर्यंत मी सामाईक पाण्यात उतरणे म्हणजे त्या पाण्यात डुंबणाऱ्या लहान मुलांच्या जिवाशी खेळ होता. मी केवळ माझ्या पदकाचाच विचार केला होता. आठ दिवस विहिरीकडे कोणाही मुलास फिरकू दिले नाही. आबा स्वतः काठावर बसून राहत, आणि मुले हिरमुसली होऊन परत जात. ते दृश्य आठवले, की आजही मला अपराधी वाटते.

या दिवसांत सर घरी आले. "बुडालेला सराव भरून काढायचा विचार सोडून दे," ते म्हणाले. "तो भरून निघत नसतो. आहे ते सांभाळून कसे न्यायचे, एवढेच आता आपल्या हाती आहे." अंथरुणावर पडून राहिले, की काही दिवसांतच रक्तातील द्रवभाग घटतो आणि पूर्वीइतकेच काम करण्यासाठी हृदयाला अधिक वेळा धडधडावे लागते, हे त्यांनी मला समजावून दिले. दोन-तीन आठवडे सराव सुटला, तर प्रथम जातो तो दमसास. वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेली हातापायांची लकब मात्र तितक्या लवकर जात नाही. मग त्यांनी इटलीच्या ग्रेगोरिओ पाल्त्रिनिएरीची हकिकत सांगितली. २०१६ सालच्या रिओ ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरचे सुवर्णपदक मिळवणारा हा जलतरणपटू २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकपूर्वी, जून महिन्यात, ग्रंथिज्वराने आजारी पडला. ऐन सरावाचे दिवस त्याच्या हातून गेले. तरीही टोकियोत त्याने ८०० मीटरमध्ये रौप्य आणि खुल्या पाण्यातील १० किलोमीटरमध्ये कांस्य पदक मिळवले. "आणि १५०० मीटरमध्ये तो चौथा आला," सर पुढे म्हणाले. "हेही लक्षात ठेव. आजार आपली किंमत वसूल करतोच."

आबांनीही एक नाव सांगितले, ते आपल्याच माणसाचे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील जवान. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जबर जखमी झाल्यावर ते पोहू लागले, ते पदकासाठी नव्हे, तर उपचार म्हणून. पुढे १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पॅरालिंपिक स्पर्धेत त्यांनी ५० मीटरमध्ये भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. पाणी आधी औषध झाले आणि पदक त्यानंतर आले, हा क्रम मला फार विचार करावयास लावून गेला.

विहीर बंद असताना माझा सराव जमिनीवर सुरू झाला. सकाळी डोळे उघडताच अंथरुणातच मी नाडी मोजून वहीत लिहीत असे. आजारापूर्वी ती ६४ असे, आता ८८ होती. पहिले काही दिवस बांधावरून सावकाश चालणे, एवढेच काम होते. नंतर सायकलची जुनी ट्यूब कडुलिंबाच्या खोडाला बांधून हात ओढण्याचा सराव करू लागले, तोही दम लागण्यापूर्वी थांबवून.

औषधे संपली, तपासणी स्वच्छ आली, आणि स्पर्धेला अठरा दिवस असताना मी पुन्हा पाण्यात उतरले. सरांचा नियम साधा होता. पहिल्या आठवड्यात दिवसाआड, पंधरा मिनिटे, अगदी संथ. दुसऱ्या आठवड्यात पूर्वीच्या निम्मे अंतर. त्यात थोडे वेगाचे तुकडे आणि प्रत्येक तुकड्यानंतर पुरती विश्रांती. सकाळची नाडी आदल्या दिवसांपेक्षा दहाने वाढली, तर त्या दिवशी पाण्याला शिवावयाचे नाही. असे दोन दिवस आलेही, आणि ते दोन्ही दिवस मी रडत काढले. पण निरोगी जलतरणपटूसुद्धा मोठ्या स्पर्धेपूर्वी दोन-तीन आठवडे अंतर घटवतात, वेग तेवढा कायम राखतात, हे सरांकडून कळले, तेव्हा विश्रांती ही सरावाची वैरीण नव्हे, हे हळूहळू पटू लागले.

सर्वांत कठीण निर्णय चारशे मीटरचा होता. शंभर मीटर मी लकबीच्या बळावर निभावून नेईन. चारशेला लागणारा दमसास मात्र माझ्यापाशी उरलेला नव्हता. सरांनी निर्णय माझ्यावर सोपवला. एक रात्र मी तळमळले. सकाळी वहीत नाडी लिहिली, ७४, आणि आठवीतील जी मुलगी राखीव होती, तिला जाऊन सांगितले, की चारशे मीटर तू पोहायचेस. ती म्हणाली, "पण ताई, ती तर तुझी शर्यत!" मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवसापासून विहिरीच्या काठावर बसून मी तिची आरपार मोजू लागले.

२०१७ साली सुरू झालेल्या बीदर-कलबुर्गी रेल्वेने आम्ही स्पर्धेस गेलो. शंभर मीटरमध्ये पहिला टप्पा मी चांगला कापला. शेवटच्या पंधरा मीटरमध्ये मात्र हात शिशासारखे जड झाले. माझा क्रमांक चौथा आला. चारशे मीटरमध्ये आमची आठवीतील मुलगी दुसरी आली. टाळ्या वाजवताना घशाशी आवंढा दाटला होता, हे मी नाकारीत नाही. तरीही त्या टाळ्या खऱ्या होत्या.

घरी परतल्यावर आबांनी क्रमांक विचारला नाही. "दम लागला का? चक्कर आली का?" एवढेच विचारले. मी नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग झालं तर. पाणी काय कुठं पळून जातंय होय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही विहिरीवर गेलो. गावातील मुले पुन्हा उड्या मारीत होती. आबा काठावर बसले, आणि मी सावकाश पाण्यात उतरले. त्या दिवशी किती वेळा आरपार झाले, ते मी मोजले नाही.