आटे गेलेली भोकं

सिल्लोडमार्गे अजिंठ्याला जाणारा रस्ता काही वर्षं नुसता खणून ठेवलेला होता. त्याच काळात आम्ही राहायच्या सोयीची जुनी ट्रॅव्हलर घेतली. आधीच्या मालकाने आत दोन बाक, छोटा ओटा आणि डोक्यावर सामानाची कपाटं बसवून घेतली होती. अजिंठा आमच्या शहरापासून साधारण शंभर किलोमीटर. जाऊन आलं की कुठलं तरी दार लटकलेलं असे, आणि बिजागरीचा स्क्रू पिळायला जावं तर तो जागच्या जागी गोल फिरे. आटे गेलेले असत. स्क्रूचे नव्हेत, तो ठणठणीत असे. आटे जात ते फळीचे.

घरातल्या कपाटाला फक्त दाराचं वजन पेलायचं असतं. गाडीत प्रत्येक खड्ड्याला दार बिजागरीला हिसका देतं, स्क्रू केसभर हलतो आणि त्याने लाकडात स्वतःच कापलेले आटे हळूहळू पीठ होऊन गळतात. ढिला झाला म्हणून आणखी आवळला, तर उरलेसुरले आटेही चिरडतात. मग लोक जाडा स्क्रू घालतात. मला हा उपाय मुळीच पटत नाही. प्लायच्या कडेत जाडा स्क्रू घुसला की थर फाकतात, आणि त्याचं डोकं बिजागरीच्या खाचेत बसत नसल्याने दार नीट मिटतही नाही.

जुन्या शहरातल्या एका वयस्कर मिस्त्रींना मी गाडी दाखवली. त्यांनी भोकात नख घालून थोडा भुगा काढला, बोटांत चोळला आणि म्हणाले, "ये लकडी नहीं, भुसा है. पेच पे जोर नको करो, छेद को लकडी दो."

पुढचं सगळं काम त्या शेवटच्या वाक्यात होतं. वेडंवाकडं झालेलं भोक त्यांनी 8 मिलिमीटरच्या बिटने गोल, स्वच्छ करून घेतलं. सागाच्या तुकड्यातून त्या मापाची पाचर तासली. दुकानात तयार गोल खुंट्या मिळतात, पण त्यांचे रेषे लांबीच्या दिशेने असतात. स्क्रू त्या रेषांच्या मधून शिरतो आणि पकड कमी मिळते. मिस्त्रींनी रेषे आडवे राहतील अशी पाचर केली. स्क्रूचा आटा त्या रेषांना कापून त्यांच्यात रुतून बसतो. गोंद लावून पाचर ठोकली, रात्रभर वाळू दिली, वरचा भाग पटाशीने सपाट केला आणि 4 मिलिमीटरच्या स्क्रूसाठी आधी अडीचचं भोक पाडलं. ते भोक न पाडता स्क्रू रेटला असता, तर नवी पाचरही चिरली असती.

भोक थोडंसंच ढिलं असेल तर बांबूच्या काड्या गोंदात बुडवून ठासल्या तरी भागतं. पण गोंद कुठला, हे बघायला हवं. नेहमीचा पांढरा फेविकॉल ओलीने आणि उष्णतेने मऊ पडतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात बंद उभ्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त तापतं. म्हणून प्लायला पाणी सोसणारा मरीन गोंद, आणि भुशाच्या बोर्डाला दोन नळ्यांतलं अरल्डाईट. ते भुशात मुरतं आणि भोकाच्या भिंतीच कडक करतं.

पाचर तासता तासता मिस्त्री वेरुळच्या दहाव्या लेण्याबद्दल बोलत होते. त्याला विश्वकर्मा लेणं म्हणतात, 'सुतार का झोपडा' हेही त्याचंच नाव. छताला लाकडी कमानींसारख्या फासळ्या आहेत, त्याही अखंड दगडात कोरलेल्या. तिथे एकही सांधा नाही, हे त्यांनी ज्या आदराने सांगितलं, त्यानंतर मी ते छत पुन्हा नीट पाहून आलो.

डोक्यावरच्या कपाटांचं दुखणं निराळं होतं. ती गाडीच्या पत्र्यातच सेल्फ-टॅपिंग स्क्रूंनी अडकवलेली होती. जेमतेम मिलिमीटरभर पत्र्यात स्क्रूचा एखाददुसराच आटा धरतो. तिथे लाकूड आणि गोंद कामाचे नाहीत. पण बजाजचा कारखाना 1985 साली वाळूजला आला आणि त्याच्या आसपास सुटे भाग करणारे शेकडो लहान उद्योग उभे राहिले. अशा शहरात नट-बोल्टच्या कामाला माणूस शोधावा लागत नाही. वाळूजच्या एका शेडमध्ये रिव्हेट नट बसवून घेतले. 6 मिलिमीटरच्या बोल्टसाठी पत्र्याला 9 मिलिमीटरचं भोक पाडायचं, नट आत सारायचा आणि हत्याराने ओढायचा. मागच्या बाजूने तो फुगून पत्र्याला घट्ट धरतो. त्याआधी भोकाची कड घासून प्रायमर लावायलाच हवा, नाहीतर एका पावसाळ्यात गंज धरतो. पत्र्यामागून वायर गेली आहे का, तेही आधी तपासलं.

राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं. अशी गाडी बांधून घेणाऱ्यांनी सोफा आणि दिव्यांच्या आधी फळी कुठली आहे हे विचारावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. झोपलेल्या मुलाच्या डोक्यावर जे कपाट टांगलेलं असतं, ते या भोकांच्याच भरवशावर असतं.

आता प्रवासाहून आलो की मी सगळे स्क्रू हाताने तपासतो, ड्रिल मशीन लावत नाही. काढलेला स्क्रू परत घालताना आधी थोडा उलटा फिरवतो. तो टक्कन जुन्या आट्यात उतरला की मगच सुलटा पिळतो, म्हणजे नवा आटा जुन्याला कापत नाही. ओट्याखालची फळी मात्र पाणी पिऊन फुगली होती, तिला पाचर धरेना. ती काढून टाकली आणि आयएस 710 शिक्क्याचं मरीन प्लाय घातलं. बिजागऱ्या जुन्याच ठेवल्या, पण कडेत न मारता फळीच्या तोंडावर मारल्या. दुसऱ्या आठवड्यात गाडी लोणारला नेली.