बिदर–बेंगळुरू, सव्वापाचशे किलोमीटर

देवणीहून विमान धरायचं तर आधी राज्य ठरवावं लागतं. जिल्हा आमचा लातूर. तिथं धावपट्टी आहे, पण 2020 साली नियमित प्रवासी विमान नव्हतं. नांदेडहून अमृतसरला थेट विमान जात होतं, म्हणजे सुमारे 1,400 किलोमीटर. बेंगळुरूला मात्र नाही. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यामुळे अमृतसरचं विमान समजण्यासारखं आहे; आमची पोरं मात्र नोकरीला बेंगळुरूतच आहेत. मग उरलं कर्नाटकातलं बिदर. 7 फेब्रुवारी 2020 रोजी तिथून ट्रूजेटचं बेंगळुरूला विमान सुरू झालं आणि त्याच महिन्यात मी आईला घेऊन धाकट्या भावाकडे निघालो.

"तासाभराचंच इमान हाय म्हणतूस, मग येवढ्या लवकर कशाला निघायचं?" आईचा प्रश्न रास्त होता. मांजरा ओलांडून भालकी, तिथून बिदर. पाट्या कन्नडमध्ये, पण रस्ता विचारला तर उत्तर मराठीत. बिदरची धावपट्टी मुळात हवाई दलाची. हवाई कसरतींचं सूर्यकिरण पथक तिथलंच. त्यामुळे फोटो काढायला मनाई. भावाला पाठवायला एकही फोटो मिळाला नाही म्हणून आई खट्टू झाली.

विमान होतं एटीआर, पंख्याचं. पंख वरच्या अंगाला, त्यामुळे खिडकीतून खालचं मोकळं दिसतं. बिदरची लाल माती बराच वेळ दिसत राहिली. नकाशावर बिदर ते बेंगळुरू रेघ ओढली तर ती जवळजवळ सरळ दक्षिणेला जाते: रायचूरच्या बाजूनं कृष्णा, मग मंत्रालयच्या आसपास तुंगभद्रा. सरळ अंतर सव्वापाचशे किलोमीटर. हे विमान ताशी पाचशेच्या आसपास चालतं; तरी तिकिटावरचा वेळ तासाच्या बराच वर होता. धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, चढणं, उतरण्याआधी वेग कमी करणं, सगळं त्यात धरलेलं. पल्ला जितका लहान, तितका हा वरखर्च जास्त बोचतो. 2017च्या एप्रिलमध्ये उडान योजनेत सुरू झालेलं नांदेड–हैदराबाद घ्या: सरळ अंतर अडीचशेच्या आत, म्हणजे हवेत खरं काम अर्ध्या तासाचं, पण तिकिटावर तासाच्या आसपास. देवणीच्या माणसानं त्यासाठी आधी नांदेडला जायचं, हे तर हास्यास्पदच.

बेंगळुरूचा विमानतळ देवनहळ्ळीला, शहरापासून पस्तीस-चाळीस किलोमीटर. भावाचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. टॅक्सीत बसल्यावर आईनं दोनदा विचारलं, "आजून किती?" आकाशात एकदाही विचारलं नव्हतं.

मी लगेच परत आलो, उदगीरला थांबणाऱ्या नांदेड एक्सप्रेसनं. आई राहिली, आणि मार्चअखेर लॉकडाउन लागला. विमानं बंद, रेल्वे बंद. जूनमध्ये मृगाच्या पेरण्या तोंडावर आल्या तेव्हा तिला राहवेना. मे महिन्याच्या शेवटी देशातली विमानं थोडीथोडी सुरू झाली होती, पण विमानतळावरच्या गर्दीला ती तयार नव्हती. भावानं दोन्ही राज्यांचे पास काढले आणि गाडीनं आणलं. हवेतले सव्वापाचशे रस्त्यावर सातशेच्या घरात जातात. पहाटे निघालेली माणसं रात्री सीमेवर पोचली. तिथं पास तपासायला जेवढा वेळ गेला, तेवढ्यात ते पंख्याचं विमान बिदरहून रायचूर ओलांडून गेलं असतं.