काच कुणासाठी?

मुंबईचा हिवाळा थंडीने नाही, हवेने छळतो. वारा पडतो, धूर-धूळ खालीच साचते आणि लालबागच्या आमच्या खोलीत फजरच्या आधीच अम्मीचा खोकला जागा होतो. डॉक्टरांचा पंप आहेच. पण शाळेला सुट्टी असली की ऊन वर आल्यावर मी तिला भायखळ्याच्या राणीबागेत नेतो.

लंडनच्या क्यू बागेत ताडमाडांसाठी काचेचा महाल आहे, १८४८ साली पूर्ण झालेला. बाहेर कडाक्याची थंडी, आत उष्ण प्रदेश. १८६२ साली खुल्या झालेल्या आपल्या बागेत मात्र ताडमाड, ब्रह्मदेशाची उर्वशी, आफ्रिकेची गोरखचिंच सगळं उघड्यावर वाढतं. इथे काच लागते ती पेंग्विनना, आपल्या उकाड्यापासून!

गेल्या रविवारी सगळी गर्दी पेंग्विनकडे होती. अम्मी गोरखचिंचेपाशी थांबली. तो जाडजूड बुंधा बघत म्हणाली, "ही कुठली रे?"

"आफ्रिकेची."

"एवढी वर्षं इथे आहे, तरी आफ्रिकेचीच?"

"नाही अम्मी, आता भायखळ्याची."

ती हसली. हसताना तिला खोकला आला नाही, हे माझ्या जरा उशिरानेच लक्षात आलं.