कोठाराची किल्ली

शिळें तें टाकाऊ, हा नियम स्वयंपाकघरांत खरा असेल. परंतु तोच इतरत्र लावूं गेल्यास काय होतें, याचा अनुभव आम्हांस उतारवयांत यावयाचा होता.

घरच्या जुन्या संगणकावर आमच्या चिरंजीवांनीं 'डेबियन' नांवाची प्रणाली बसवून दिली. १९९३ सालीं इयन मरडॉक या तरुणानें आरंभिलेला हा उद्योग आज जगभरचे स्वयंसेवक चालवितात. येथें आज्ञावली मिळविण्यास बाजार धुंडाळावा लागत नाहीं. हजारों आज्ञावली एका सामाईक कोठारांत ठेवलेल्या असतात. त्यालाच 'रिपॉझिटरी' म्हणतात. हवें तें नांव सांगावें, कीं 'ॲप्ट' नांवाचा कारभारी ती वस्तु आणून देतो. आणि पुरणपोळीचा बेत कळतांच गूळ व वेलदोडे न सांगतां आणणाऱ्या जुन्या गड्याप्रमाणें, तिला लागणाऱ्या दुसऱ्या आज्ञावलीही बरोबर आणतो. कोठाराच्या यादीवर चालकांची सांकेतिक मुद्रा असते. ती जुळल्यावांचून तो माल घरांत घेत नाहीं.

इतकी सोय असतां आमची तक्रार एकच होती: कोठारांतला माल जुना. पुस्तकाच्या पानांची जुळणी करणाऱ्या एका आज्ञावलीची नवी आवृत्ति आम्हांस हवी होती. कोणा अपरिचितानें स्वतःचें कोठार जोडण्याची कृति लिहून ठेविली होती. ती आम्हीं जशीच्या तशी उतरविली. त्याची मुद्राही विश्वासाची म्हणून नोंदविली. महिनाभर आम्ही स्वतःच्या चातुर्यावर खूष होतों. पुढें एका सायंकाळीं सर्व आज्ञावली अद्ययावत् करावयास गेलों, तों त्याचा माल आणि मूळचा माल यांची अशी गुंतागुंत झाली, कीं पडद्यावर काळोखाशिवाय कांहीं उरेना. आंत आमचीं अठरा वर्षांचीं टिपणें होतीं. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं.

रविवारीं चिरंजीव आले. टिपणें सुरक्षित निघालीं. परकें कोठार काढून टाकून त्यांनीं सारी घडी पूर्ववत् बसविली. मग हळूच म्हणाले, "बाबा, वस्तु एक आणलीत, पण किल्ली साऱ्या घराची दिलीत." पॅकेज बसतांना त्यांतल्या सूचना संगणकाच्या सर्वाधिकारानें चालतात, हें आम्हांस तेव्हां कळलें.

मग मूळ कोठार तरी निर्धोक कशावरून? २०२४ च्या मार्चमध्यें एक गोष्ट उघडकीस आली. 'एक्सझेड' ही फायली लहान करणारी आज्ञावली एकच गृहस्थ पुष्कळ वर्षें सांभाळीत आला होता. एका मदतनीसानें दोन वर्षांहून अधिक काळ काम करून त्याचा विश्वास संपादिला, आणि अखेर तींत चोरवाट दडविली. डेबियनच्या चाचणीच्या शाखांत तो माल खऱ्या मुद्रेनिशीं शिरला. दूरच्या संगणकांत प्रवेश करतांना अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्यावरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानें माग काढला. जेथें नवा माल पुष्कळ दिवस पारखल्यावांचून घेत नाहींत, त्या स्थिर शाखेंत मात्र तो पोंचलाच नव्हता.

मुद्रा माल कोणाचा एवढेंच सांगते. तो चांगला कीं वाईट, हें काळ आणि जागीं माणसें सांगतात. ज्यास आम्ही शिळेपणा म्हणत होतों, तो पारख करण्यास दिलेला अवधि होता.

पानांच्या जुळणीस आतां आम्ही जुनीच आवृत्ति वापरतों. नव्या आवृत्तींतली कोणती सोय आम्हांस एवढी हवी होती, तें मात्र आज कांहीं केल्या आठवत नाहीं.