तळोजा जेल, मानवाधिकार आयोग आणि सात आठवडे

तळोजा जेल आपल्याच पनवेल तालुक्यात. खारघरला फ्लॅट बघायला येणाऱ्यांना बिल्डर ते दाखवत नाहीत, एवढंच.

मानवाधिकार आयोग नक्की करतो काय, असं कोणी विचारलं की मला आधी फादर स्टॅन स्वामी आठवतात. वय ८४, पार्किन्सन्सचा आजार. एल्गार परिषद प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली आणि तेव्हापासून ते इथे कच्चे कैदी होते. जेलमध्ये त्यांना उपचार मिळत नाहीत, अशी १६ मे २०२१ ची तक्रार राष्ट्रीय आयोगाकडे होती. २८ मेला ते वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलात दाखल झाले, पण हायकोर्टाच्या आदेशाने. आयोगाची राज्य सरकारला नोटीस निघाली ४ जुलैला. जीव वाचवण्यासाठी शक्य ते सगळे उपचार द्या, चार आठवड्यांत अहवाल पाठवा. ते तेव्हा व्हेंटिलेटरवर होते. ५ जुलैला गेले.

तक्रारीपासून नोटिशीपर्यंत सात आठवडे. ८४ वर्षांच्या आजारी माणसाकडे एवढा वेळ असतो का हो?

आरोपांवरून कमेंटमध्ये भांडायचं त्यांनी खुशाल भांडावं. त्यांचा खटला सुरूच झाला नव्हता. आणि औषधपाणी मिळायला निर्दोष सुटावं लागत नाही.

१९९३ च्या कायद्याने आयोगाला चौकशीपुरते दिवाणी कोर्टाचे अधिकार आहेत. साक्षीदार बोलावता येतात, कागद मागवता येतात. शेवटी मात्र फक्त शिफारस. भरपाई द्या, कारवाई करा, असं सांगायचं. सरकारने ऐकलं तर ऐकलं. २०१७ मध्ये मणिपूरच्या चकमकींच्या खटल्यात खुद्द आयोगानेच सुप्रीम कोर्टात 'आम्ही दात नसलेला वाघ झालोय' अशी कैफियत मांडली होती.

तरी तक्रार करू नका असं मी म्हणणार नाही. कोठडीत कोणी दगावलं तर २४ तासांत आयोगाला कळवावं लागतं, हा धाक थोडाफार आहेच. तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही, मराठीत लिहिलेली चालते. राज्य आयोगाचं ऑफिस सीएसएमटी स्टेशनसमोर, म्हणजे आपल्या हार्बर लोकलच्या शेवटच्या स्टेशनावर उतरलात की आलंच. फक्त घटनेला वर्ष उलटू देऊ नका, त्यानंतर आयोग चौकशी करत नाही. आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.