सोळा पायऱ्या

माझ्या पासपोर्टवर आजवर दोनच देशांचे शिक्के आहेत. पहिला ओमानचा, दुसरा मॉरिशसचा. 'परदेशप्रवास' म्हटल्यावर लोकांना जे ऐकायचं असतं, म्हणजे आल्प्समधला बर्फ, आयफेल टॉवर वगैरे, त्यातलं माझ्याकडे काहीच नाही. माझ्याकडे आहे ती निपाणीची एक आजी, एक आजोबा आणि सोळा पायऱ्या. वाङ्मय मंडळाच्या अंकासाठी लिही म्हणाले, तेव्हा मला दुसरं काही सुचेना.

ओमानला गेले तेव्हा मी सातवी संपवली होती. काका मस्कतला नोकरीला. मे महिना, बाहेर भट्टी, त्यामुळे आम्ही दिवसा घरात आणि संध्याकाळी मुत्राहच्या बाजारात. पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते काकांच्या बिल्डिंगमधलं शुक्रवारचं जेवण. शेजारी गोकाकचे एक कन्नड काका राहायचे. शुक्रवारी सुट्टी, मग दोन्ही घरांचं जेवण एकत्र. त्यांच्याकडून जोळद रोट्टी, आमच्याकडून तांबडा रस्सा. कुणी विचारलं, "तुम्ही कुठले?" तर दोघंही एकदमच म्हणायचे, "बेळगावचे." घरी आल्यावर मी हे आजोबांना सांगितलं. त्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "कुठल्या भाषेत म्हणाले?" मी म्हटलं, "इंग्लिशमध्ये." ते "हं" म्हणाले आणि पान उलटलं.

आजोबांचं हे 'हं' समजायला आमचा भाग माहीत पाहिजे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार प्रांतरचना झाली आणि बेळगाव, निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हापासून आमच्याकडे भाषा हा नुसता बोलायचा विषय राहिलेला नाही. एसटीची पाटी, दुकानाचा बोर्ड, सातबारा, सगळीकडे ती आडवी येते. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर आणि आमचं जिल्ह्याचं ठिकाण बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट लांब. आजोबा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. 1986 साली कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन झालं, त्यात ते आठ दिवस तुरुंगात होते. ती आमच्या घरातली मोठी गोष्ट. दर दिवाळीला ऐकायची.

आणि आजी? आजीचं माहेर संकेश्वरच्या पलीकडचं. घरची भाषा कन्नड. सतरा वर्षांची असताना नांदायला आली आणि मराठी झाली. म्हणजे असं आम्ही समजत होतो.

आता माझी गोष्ट. मुंबईत आल्यावर, एफवायला, मंडळाच्या पहिल्याच बैठकीतून मी लवकर निघाले. उठून म्हटलं, "सर, मी येतो." अख्खा वर्ग हसला. आमच्याकडे बायका 'मी येतो, मी जातो, मी करतो' असंच म्हणतात. निपाणी, कोल्हापूर, बेळगाव, कुठेही ऐका. कुणी वाईट मनानं हसलं नव्हतं, हे मला आज कळतं. पण त्या दिवसापासून मी 'येते, जाते' घोकायला लागले. आजीचा फोन आला की हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये जाऊन बोलायचे. तिचं बोलणं अर्धं निपाणीचं, मधेच एखादा शब्द कन्नड. रूममेट्सनी ऐकू नये म्हणून मी फोन लवकर आटपायचे. "अभ्यास आहे गं आजी." ती म्हणायची, "व्हय बाळ, कर कर." हे लिहायला मला लाज वाटते, पण ते तसंच होतं.

त्याच वर्षी मे महिन्यात काकांनी आजी-आजोबांना मॉरिशसला पाठवायचं ठरवलं. जागा आजोबांनी निवडली. तिथं मराठी माणसं पाच-सहा पिढ्यांपासून राहतात असं त्यांनी कधीतरी वाचलं होतं. "मराठी तिथं कशी टिकली ते बघायचंय," एवढंच त्यांचं म्हणणं. सोबतीला कोण? मी. आजीचा पासपोर्ट काढताना तिचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेनं निघालं. रेशनकार्डावर कन्नड वळणाचं, आधारवर इंग्लिश स्पेलिंग चुकलेलं, बँकेत मराठी. बेळगावला चार चकरा झाल्या तेव्हा कुठे आजी एकाच नावाची झाली.

मुंबईहून सहा तासांचं विमान. आजीला वाटत होतं विमानात कोंडल्यासारखं होईल. ती खिडकीला नाक लावून बसली ती उतरेपर्यंत. मॉरिशस म्हणजे आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढं बेट. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. आजोबा खूश, "हे तर चिक्कोडीगतच हाय की!" पण उसाच्या मधे मधे काळ्या दगडांचे उंच ढीग दिसत होते. ड्रायव्हरनं सांगितलं, ही जमीन ज्वालामुखीची. इथं राबायला आणलेल्या मजुरांनी हातांनी दगड वेचले, ढीग रचले, मग ऊस लागला. आजोबा त्यानंतर बराच वेळ गप्प होते.

एका दुकानात आजोबांनी मॉरिशसची नोट निरखून बघितली. तीवर इंग्लिश, तमिळ आणि देवनागरीत हिंदी. ड्रायव्हर म्हणाला, 1998 मध्ये नव्या नोटा काढल्या, त्यात तमिळच्या आधी हिंदी छापली गेली. तमिळ लोकांनी एवढा निषेध केला की त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. आजोबा मोठ्यानं हसले. "म्हणजे हितंबी पाट्यांची भानगड हाय तर!"

दुसऱ्या दिवशी कॅस्कॅव्हेल नावाच्या गावातल्या देवळात गेलो. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, हे ऐकूनच आजोबांचा ऊर भरून आला होता. देवळात एक बाई भेटल्या. शाळेत मराठी शिकवतात. त्यांनी हात जोडून विचारलं, "नमस्कार, आपण कोठून आलात?" अगदी पुस्तकातलं मराठी, प्रत्येक शब्द सुटा. आजोबांना काय आनंद! त्यांनी लगेच विचारलं, "घरात मराठीच बोलता ना?"

बाई मोकळेपणी हसल्या. "नाही. घरात क्रिओल. मराठी मी शाळेत शिकले. आरती मराठीत म्हणतो, मुलांना रागावतो क्रिओलमध्ये." त्यांनी सांगितलं की आडनावंसुद्धा बदलली. बोटीतून आलेल्या माणसाचं जे नाव नोंदवलं गेलं, तेच पुढे घराचं आडनाव झालं. सखाराम नावाच्या माणसाची नातवंडं सखाराम आडनावाची.

आजोबांचा चेहरा उतरला. इतक्या लांब आलो ते हे ऐकायला? मी आपली शुद्ध मराठीत काहीतरी सावरासावर करत होते. तेवढ्यात बाईंनी आजीकडे वळून अगदी सहज विचारलं, "आणि तुम्ही मराठी कुठे शिकलात?"

त्यांच्या दृष्टीनं प्रश्न साधा होता. त्यांच्याकडे मराठी कुठेतरी शिकायचीच भाषा. आमच्या घरात मात्र आजीला हा प्रश्न उभ्या जन्मात कुणी विचारला नव्हता.

आजी म्हणाली, "मी शाळंत न्हाई शिकलो. नांदायला आलो तवा सासू बोलायची ते ऐकून ऐकून शिकलो. पयलं वरीस तर नुसती मान हलवायचो. मीठ माग म्हटलं की हळद आणून द्यायचो."

बाई म्हणाल्या, "मीसुद्धा पहिल्या वर्षी खूप चुका केल्या." आणि दोघी हसायला लागल्या. 'शिकलो', 'हलवायचो', 'द्यायचो'. कुणी त्यावर हसलं नाही. त्या दोघी आपल्या चुकांवर हसत होत्या. आजोबा आणि मी, ज्यांना मराठी फुकटात मिळाली, बाजूला उभे होतो.

शेवटच्या दिवशी पोर्ट लुईसला आप्रवासी घाट बघितला. गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती, म्हणून 1834 पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर आणले गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख. बहुतेक कलकत्त्याहून, काही मद्रासहून, काही मुंबईहून. मुंबईहून आलेल्यांत कोकणातली आणि घाटावरची आपली माणसं होती. 1849 मध्ये हा घाट बांधायला घेतला. 2006 पासून तो जागतिक वारसा आहे. बोटीतून उतरलेला मजूर ज्यांवरून चढून आत आला, त्या सोळा दगडी पायऱ्या अजून आहेत.

आजी त्या पायऱ्यांसमोर उभी राहून बोटानं मोजायला लागली. "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु..." हदिनारुपर्यंत. मी तिला लहानपणापासून मोजताना ऐकलं होतं. विड्या वळायची तेव्हा पंचवीसचं बंडल असंच मोजायची. पण त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, "आजी, तू कन्नडमध्ये का मोजतेस?"

"बोलणं सासूकडनं आलं, मोजणी आईकडनं. मोजणी बदलत न्हाई बाळ." मग पायऱ्यांकडे बघतच म्हणाली, "तुझा आजा आत हुता तवा मी रोज डबा न्यायची. पयल्या दिवशी पोलिसानं आत सोडंना. मग कन्नडात बोललो. तवा डबा आत गेला. आठ दिवस."

दिवाळीच्या गोष्टीत डबा होता. तो आत कसा जायचा, हे नव्हतं.

आजोबा शेजारीच होते. म्हणाले, "तू कधी सांगितलं न्हाईस."

"तुम्ही कधी इचारलं?"

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "काय म्हणालीस त्याला?"

आजी म्हणाली, "अण्णा, नम्म यजमान्रु ऊटा माडिल्ल री." भाऊ, आमचे मालक जेवले नाहीत.

आजोबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर गाडीवर दालपुरी घेतली. ती तिथं जोडीनंच मिळते. त्यांनी पहिली जोडी आजीच्या हातात दिली. एरवी पहिला घास त्यांचा असतो. आजी म्हणाली, "गुळाबिगर पुरणपोळी," आणि खाऊन टाकली.

आजोबांनी सीमाप्रश्न सोडला का? मुळीच नाही. 1 नोव्हेंबरला अजून काळी फीत लावतात, आणि पाटी मराठीत हवी हे मलाही पटतं. एका प्रवासात सगळं सुटत नसतं. पण आता हॉस्टेलमध्ये फोन आला की मी कॉरिडॉरमध्ये जात नाही. दर रविवारी आजी मला कन्नड मोजणी शिकवते. नलवत्तुपर्यंत, म्हणजे चाळीसपर्यंत, पोचलोय. मी कुठे चुकले की आजीच्या आधी मागून आजोबांचा आवाज येतो आणि बरोबर आकडा सांगतो. त्यांना सगळे येतात.

परवा विचारलं, "आजोबा, तुम्ही कधी शिकलात?"

फोनवर थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "ती विड्या मोजायची तवा ऐकून ऐकून."

बरं, बस आहे. मी येतो.