मुक्या जीवाची जबानी

अंधेरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी बावीस वर्षं काम केलं. माणसांच्या रक्ताच्या किती नळ्या या हातांखालून गेल्या, त्याचा हिशेब नाही. पण एका रात्री आलेल्या दोन नळ्या मी विसरू शकत नाही. त्या शबनमच्या होत्या. शबनम म्हणजे आमच्या चाचांची घोडी.

जोगेश्वरीत चाचांचा छोटासा तबेला होता. संध्याकाळी जुहूच्या चौपाटीवर मुलांना फेरी मारून आणायची आणि लग्नसराईत वरातीला घोडी द्यायची, यावर त्यांचं घर चालायचं. त्या रविवारी एक वरात ठरलेली होती. बयाणा घेतला होता, आणि त्यातून धाकट्याची शाळेची फी भरूनही झाली होती.

गुरुवारी रात्री इशाची नमाज आटोपली आणि फोन वाजला.

"बेटा, शबनम दाण्याला तोंड लावत नाही. सारखी मान वळवून पोटाकडे बघते."

"चाचा, डॉक्टरांना बोलवा. सकाळची वाट बघू नका."

"बोलावलंय. बादलच्या वेळी केलं ते पुन्हा नाही करणार."

बादल त्यांचा पहिला घोडा. त्याच्याही पोटात दुखत होतं. मधूनमधून दोन घास खात होता, म्हणून चाचांनी 'सकाळी बघू' म्हटलं. फजरला गेले तेव्हा तो आडवा पडलेला होता, परत उठला नाही. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटातलं दुखणं बघता बघता जिवावर बेतू शकतं. शिवाय पळून जीव वाचवणारं हे जनावर. आपली कमजोरी ते सहसा दाखवत नाही.

मी आणि माझे मिस्टर तबेल्यात पोहोचलो तेव्हा डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावून उभे होते. निरोगी घोड्याचे ठोके उभं असताना मिनिटाला 28 ते 44 असतात; शबनमचे 64 होते. त्यांनी नाकातून पोटात नळी घातली, दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं आणि मानेच्या शिरेतून रक्त काढलं. मला म्हणाले, "ताई, तुमची लॅब जवळ आहे ना? एवढं बघून द्याल?"

मालकांना फोन करून परवानगी घेतली आणि लॅब उघडली. नळी स्टँडला लावून यंत्र सुरू करेपर्यंत रक्त आपोआप खाली बसलं आणि वर पिवळंधमक पाणी दिसू लागलं. माझ्या पोटात धस्स झालं. कावीळ! घाबरत डॉक्टरांना फोन केला, तर ते हसले. "घोड्याचा रक्तद्रव पिवळाच असतो, ताई. आणि त्याच्या तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात, म्हणून लवकर तळाला जातात." इतक्या वर्षांचा माझा अनुभव त्या रात्री निम्मा बाद झाला.

रक्तातल्या पेशींचं प्रमाण आलं 52 टक्के. साधारण 30 ते 45 असायला हवं. पण घोड्याची प्लीहा तांबड्या पेशींचा साठा राखून ठेवते आणि घोडा नुसता घाबरला तरी तो रक्तात सोडते. म्हणून डॉक्टरांनी सोबत प्रथिनंही बघायला सांगितली होती. तीही वाढलेली, 8.2. दोन्ही वाढली म्हणजे अंगातलं पाणी आटलं. पांढऱ्या पेशी मात्र 3,600 च होत्या, पाच हजारांच्याही खाली. मला वाटलं, आजारात तर या वाढायला हव्यात. डॉक्टर म्हणाले, "आतड्यात मोठी सूज असली की पेशी तिकडे धावतात, रक्तात उरत नाहीत. हे चांगलं लक्षण नाही."

त्यांच्या बॅगेत एक छोटं यंत्र होतं, साखर तपासायच्या यंत्रासारखं. त्यावर लॅक्टेट मोजलं. अवयवांना पुरेसं रक्त आणि प्राणवायू मिळाला नाही की ते वाढतं. 2 च्या आत हवं, ते 4.4 होतं.

"वाचेल का?" चाचांनी विचारलं.

"आत्ता नाही सांगता येणार. सलाईन देऊ, चार तासांनी पुन्हा रक्त घेऊ. आकडा केवढा आहे यापेक्षा तो कुठे चाललाय, ते बघायचं."

रात्रभर तबेल्याच्या तुळईला सलाईनच्या बाटल्या टांगल्या होत्या. चाचा तसबीह घेऊन दाराशी बसून होते. पहाटे तीनला लॅक्टेट 2.3 वर आलं, पेशींचं प्रमाण 41 वर. चाचांनी शबनमच्या मानेला कपाळ टेकलं आणि किती तरी वेळ तसेच उभे राहिले.

पण खरी परीक्षा शनिवारी होती. शबनम गवत खात होती, लीद टाकत होती, ठोकेही उतरले होते. चाचा तिला खरारा करत म्हणाले, "उद्या दोनच तास तर चालायचंय."

डॉक्टरांनी फायब्रिनोजेन बघायला सांगितलं. रक्तद्रव बारीक नळीत भरून 56 अंशांवर तीन मिनिटं तापवायचा. हे एकच प्रथिन साकळतं. आधीच्या आणि नंतरच्या प्रथिनांतला फरक म्हणजे त्याचं प्रमाण. शरीरात सूज असली की ते एक-दोन दिवसांनी चढतं. घोड्यात 200 ते 400 असतं, शबनमचं 700 आलं. वरून ती बरी दिसत होती, आतलं आतडं अजून सुजलेलंच होतं. आता 'सिरम अमायलॉइड ए' नावाची तपासणी हीच सूज काही तासांत दाखवते. तेव्हा आमच्या हाती तेवढंच होतं.

मी कागद चाचांपुढे धरला. त्यांना आकडे कळत नव्हते. त्यांनी एवढंच विचारलं, "हे शबनमनंच सांगितलंय ना?"

"तिच्या रक्तानं, चाचा."

दुपारी ते उसने पैसे घेऊन मुलाच्या घरी गेले. बयाणा परत केला, चार बोलणी ऐकून घेतली. संध्याकाळी चाची म्हणाली, "पैसा पुन्हा मिळेल. मुका जीव आपल्याकडे अमानत आहे."

मला अब्बांची आठवण झाली. कोकणात त्यांना फुरसं चावलं होतं आणि सरकारी दवाखान्यातल्या इंजेक्शनानं ते वाचले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवरची ती लस घोड्याच्या रक्तापासून बनते. पिंपरीला हाफकिनचे घोडे त्यासाठीच पाळलेले आहेत. तबेल्यात उभी राहून मी चाचांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "मग आपण एक दिवसाची कमाई सोडली, त्यात काय मोठं?"

दहा-बारा दिवसांनी शबनमचा आकडा 350 वर आला आणि मगच ती चौपाटीवर गेली. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती ठणठणीत असतानाचे आकडे मी एका वहीत लिहून दिले. पुढे दुखणं आलंच, तर ताडून बघायला तिचाच हिशेब हवा, दुसऱ्या घोड्याचा नाही.

ती वही चाचांनी तबेल्यातल्या खुंटीला टांगून ठेवली. काही महिन्यांनी ते चाचीला घेऊन लॅबमध्ये आले. ती कुरकुरत होती, "मला काही झालं नाही." चाचा मला म्हणाले, "हिचंही रक्त घे. हीसुद्धा सांगत नाही."

चाचीचं हिमोग्लोबिन 7 निघालं.